क्रोम बंपरवरचे गंजाचे ठिपके: घासून जातात, पण त्याच जागी परत येतात

मागची_सीट
वडिलांची जुनी गाडी आता माझ्याकडे आहे. इंजिन ठणठणीत आहे, रंगही बरा आहे. पण पुढच्या क्रोमच्या बंपरवर तांबूस ठिपके उठलेत. मधल्या सपाट भागावर टाचणीच्या डोक्याएवढे पंचवीस-तीस असतील. दोन्ही टोकांना, जिथे बंपर आत वळतो, तिथे ते एकमेकांत मिसळून चट्टे झालेत. मागे एकदा मेटल पॉलिश लावून दोन तास घासला होता, अगदी आरशासारखा झाला. दोन महिन्यांत ठिपके परत हजर, आणि तेही त्याच जागी. जुन्या फोटोवर बोट ठेवून एकेक जुळवता येतो.
क्रोमला गंज चढतो का? चढत नसेल तर हे काय आहे? आणि पुन्हा मुलामा न देता बंपर वाचेल का? मला तो नवा दिसायला नको आहे, हाच टिकायला हवा आहे. उजव्या बाजूला एक बारीक पोचा आहे, वडिलांनी गाडी फाटकाला टेकवली होती तेव्हाचा. तोही राहू द्यायचाय.

मुलामा
"त्याच जागी" हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण उत्तर त्यातच आहे.
क्रोम गंजत नाही. गंजतंय ते त्याच्या खालचं लोखंड. बंपरचा पत्रा पोलादाचा असतो. त्यावर निकेलचा थर असतो, काही बंपरांना निकेलखाली तांब्याचाही असतो, आणि सगळ्यात वर क्रोम. क्रोमचा थर किती पातळ असतो याची बऱ्याच जणांना कल्पना नसते: साधारण 0.2 ते 0.5 मायक्रॉन. माणसाचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे केसाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. खालचं निकेल मात्र चांगल्या कामात 20 ते 40 मायक्रॉन असतं. पत्र्याला पाण्यापासून वाचवण्याचं खरं काम निकेल करतं. क्रोम निकेलला काळवंडू देत नाही, ओरखड्यांपासून जपतं आणि ती निळसर चमक देतं.
या थरात कुठेतरी सुईच्या टोकाएवढं भोक पडतं. बारीक खडा लागतो, किंवा मुलामा देतानाच एखादी जागा कच्ची राहिलेली असते. त्या भोकातून पाणी आत जातं, पत्रा गंजतो आणि गंज त्याच भोकातून वर येतो. तुम्ही वर आलेला गंज पुसलात, भोक तसंच राहिलं.

परीक्षानळी
मुलामा यांच्या म्हणण्याला एक जोड देतो, कारण गोंधळ नेहमी इथेच होतो. पत्र्यावर जस्त चढवलेलं असेल आणि त्यावर ओरखडा पडला तर जस्त स्वतः झिजून लोखंडाला सांभाळतं. निकेलचं उलटं आहे. लोखंड आणि निकेल एकत्र ओले झाले की झिजायचं ते लोखंडाने, निकेल शाबूत राहतं. त्यातही भोक एवढंसं आणि भोवती निकेल-क्रोमचं मोठं क्षेत्र, त्यामुळे सगळा मारा त्या एका बिंदूवर होतो. म्हणून क्रोमवरचा गंज पसरण्याआधी खोल जातो. पाण्यात मीठ असेल, म्हणजे समुद्राची हवा किंवा बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ, तर हे सगळं कितीतरी वेगाने होतं.
गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो. तो आतल्या आत वाढला की मुलामा वर उचलला जातो. आधी फोड येतो, मग पापुद्रा सुटतो.

उजवं_वळण
घासायला ॲल्युमिनियम फॉइल वापरून बघा. चुरगळून गोळा करायचा, पाण्यात बुडवायचा आणि हलक्या हाताने गोल गोल फिरवायचा. माझ्या मोटारसायकलचे मडगार्ड मी असेच साफ केलेत. कोणी कोला ओतायला सांगतात, पण साध्या पाण्यानेही जमतं.

परीक्षानळी
फॉइल चालते. क्रोम ॲल्युमिनियमपेक्षा खूपच कठीण असल्यामुळे नुसत्या फॉइलने ओरखडे पडत नाहीत आणि गंजाचा वर आलेला भाग निघतो. यात रासायनिक जादू असल्याचं सांगतात, पण बहुतेक काम घासण्याचंच असतं. पाणी महत्त्वाचं, कारण सुटलेला गंज आणि धूळ त्यात वाहून जाते. कोरडं घासलं तर ओरखडे त्या धुळीने पडतात. म्हणून आधी बंपर साबणाने धुवा. कोलात थोडं फॉस्फरिक ॲसिड असतं म्हणून तिचा उपयोग होतो, पण मागे साखर राहते आणि ती फटींत चिकटते. मी टाळतो.

जुनी_चाकं
घासायला बसण्याआधी तीन गोष्टी बघून घ्या. मी गेली बरीच वर्षं जुन्या गाड्या घरच्या घरी उभ्या करतोय, आणि हे न बघता सुरू केलेल्या कामांचा पस्तावा झाला आहे.
पहिलं, लोहचुंबक लावा. काही गाड्यांचे बंपर ॲल्युमिनियमचे किंवा प्लास्टिकचे असतात, त्यांच्यावर तांबूस गंज येतच नाही. आला असेल तर तो बाहेरून उडालेल्या लोखंडाच्या कणांचा. तुमचा पोलादाचाच असणार, पण खात्री करा.
दुसरं, भिंग घेऊन एकेक ठिपका बघा आणि कडेला नखाने हलकेच दाबा. कडा घट्ट असेल तर ठिपका वाचवता येतो. नखाखाली मुलामा हलला किंवा पापुद्रा उचलला तर तिथे आतून पोकळी झाली आहे. तिथे कितीही चमकवलं तरी मुलामा सुटणारच.
तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, बंपर मागून बघा. छोटा आरसा आणि टॉर्च घ्या. लोक पुढून घासून घासून थकतात आणि मागे चिखलाचा थर तसाच ओला पडलेला असतो.

मागची_सीट
आज तिन्ही बघितलं. चुंबक घट्ट बसतो. मधले ठिपके सगळे घट्ट आहेत, एकही हलला नाही. डाव्या टोकाला नखाएवढा पापुद्रा सुटला, उजव्या टोकाला दोन फोड आहेत.
मागून बघितलं आणि खरं सांगते, वाईट वाटलं. मागे चमक नाहीच, सगळा तपकिरी गंज. टोकांच्या वळणात वाळलेली माती इतकी गच्च बसली आहे की स्क्रू-ड्रायव्हरने ढेकळं पडली. आतली माती अजून ओलसर होती, आणि गाडी पंधरा दिवस घरातच उभी आहे.

मुलामा
मग टोकांचे चट्टे पुढून आलेले नाहीत, मागून आलेत.
मुलामा देण्याच्या हौदात विजेचा प्रवाह उठावाच्या आणि कडेच्या भागांकडे जास्त जातो, खोलगट भागाकडे आणि मागे फार कमी. क्रोमच्या बाबतीत तर हे जास्तच जाणवतं. त्यामुळे बंपरच्या पाठीवर मुलामा नावापुरता चढतो, काही ठिकाणी चढतच नाही. त्यावर पातळ रंग मारलेला असतो, तो काही वर्षांत जातो. मग चिखल ओल धरून बसतो आणि पत्रा पाठीकडून खात खात पुढे येतो.
बंपर उतरवा. गाडीवर असताना मागची बाजू नीट होत नाही.

बारा_नंबर_पाना
उतरवताना घाई नको. बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारा आणि रात्रभर ठेवा, सकाळी परत मारा. पाना आधी किंचित आवळायच्या दिशेने, मग सोडायच्या दिशेने, असा पुढेमागे करा. गंज तुटल्याचा कट्ट आवाज येतो, तो आल्याशिवाय जोर लावू नका. बंपरच्या बोल्टचं डोकं गोल आणि क्रोमचं असतं, खाली चौकोनी मान असते. मान भोकात गोल फिरायला लागली की आजूबाजूचा मुलामा सोलते. नट अजिबात ऐकत नसेल तर नट कापा, बोल्टशी झगडू नका.
दोन माणसं लागतील. जुने बंपर दिसतात त्यापेक्षा जड असतात, आणि शेवटचा बोल्ट निघाला की एक टोक थेट रंगावर येतं. कडेच्या रंगावर आधी जाड टेप लावून ठेवा. वॉशर आणि पॅकिंग कुठून निघालं त्याचे फोटो काढा, नाहीतर परत बसवताना बंपर तिरका बसतो.

उजवं_वळण
बंपर निघालाच आहे तर ॲसिडने एकदाच स्वच्छ करून टाकायचा का? फरशीवर वापरतात ते घरात आहे.

जुनी_चाकं
नको. हे मी स्वतः केलंय म्हणून ठामपणे सांगतो. फरशी आणि संडास साफ करायच्या पुष्कळ द्रावणांत हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं आणि ते क्रोम विरघळवतं. गंज गेला हे खरं, पण बंपरचा मधला भाग पिवळसर आणि निस्तेज झाला, कारण क्रोम गेलं आणि निकेल उघडं पडलं. मला वाटलं पॉलिश कमी पडलं, म्हणून आणखी घासलं, आणखी पिवळा झाला. शिवाय बाटली ज्या खोलीत उघडी होती तिथली माझी सगळी हत्यारं आठवड्याभरात तांबडी झाली. नुसत्या वाफेने.
गेलेलं क्रोम परत येत नाही. चमक निळसर आहे तोवर तुमच्याकडे क्रोम आहे. पिवळसर झाक दिसली की तिथेच हात थांबवा.

परीक्षानळी
अगदी बरोबर. आणि कुठलंही ॲसिड ब्लीचमध्ये कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू निघतो, तो जीवघेणा आहे.
मी सायट्रिक ॲसिड वापरा म्हणेन. एक लिटर कोमट पाण्यात 50 ग्रॅम. हे गंज विरघळवतं आणि थोडा वेळ ठेवलं तर क्रोमला धक्का लावत नाही. बंपर बुडवायला एवढी मोठी टाकी नसते, म्हणून जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या त्यात भिजवून चट्ट्यांवर ठेवा आणि वरून प्लास्टिक गुंडाळा, म्हणजे सुकणार नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी उचलून बघा. रात्रभर विसरू नका, कारण उघड्या पत्र्याला सौम्य ॲसिडही खातं. झालं की भरपूर पाणी, मग खाण्याच्या सोड्याचं पाणी, परत साधं पाणी आणि लगेच कोरडं. हेअर ड्रायर फिरवा. स्वच्छ झालेलं लोखंड ओलं राहिलं तर बघता बघता पिवळी साय धरतं. हातमोजे आणि चष्मा हवेतच.

दमट_हवा
इलेक्ट्रोलिसिसने गंज काढतात ना? धुण्याचा सोडा, पाणी आणि बॅटरीचा चार्जर. मी पाने आणि ऐरण तशीच साफ केली, सुंदर झाली.

परीक्षानळी
उघड्या लोखंडाला उत्तम, क्रोमला नाही. ऋण टोकाला लावलेल्या वस्तूवर हायड्रोजनचे बुडबुडे निघतात, आणि जिथे मुलामा आधीच सैल आहे तिथे तो आणखी सुटू शकतो. चुकून तारा उलट जोडल्या गेल्या तर त्याहून वाईट. सोड्याच्या पाण्यात धन टोकाला लावलेलं क्रोम विरघळतं आणि त्याचं षटसंयुजी क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं विषारी रूप, होतं. ते माणसात कर्करोग करणारं म्हणून ठरलेलं आहे, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत पहिल्या गटात. स्टेनलेस स्टीलमध्येही क्रोमियम असतं, म्हणून धन टोकाला तेही लावत नाहीत, साधं लोखंड लावतात. पाणी पिवळं झालेलं दिसलं तर ते गटारात ओतू नका.

मागची_सीट
सगळ्यांचे मनापासून आभार. बंपर उतरला. एक बोल्ट कापावा लागला, बाकी पाच तेलाने सुटले. बहीण आली होती मदतीला.
मुलामा देणाऱ्या एका कारागिराला फोटो पाठवले होते. तो म्हणाला सरळ पुन्हा क्रोम करून घ्या, नव्यासारखा करून देतो. मोह झाला, पण पोच्याचं काय असं विचारल्यावर म्हणाला तो तर आधी ठोकून सरळ करावाच लागेल.

मुलामा
तो बरोबर बोलतोय, आणि त्याच्या कामात ते असंच असतं. मी हे काम जवळून पाहिलंय. जुनं क्रोम उतरवायचं, मग निकेल, मग गंजाचे खड्डे घासून किंवा भरून घ्यायचे, पोचे काढायचे, बफिंग करायचं. मग तांबं, परत बफिंग, मग निकेल, आणि सगळ्यात शेवटी क्रोम. क्रोमच्या हौदात बंपर काही मिनिटंच असतो, बाकी सगळा वेळ तयारीचा. मुलामा खड्डा झाकत नाही, उलट चमकेने तो जास्त दिसतो. म्हणून घासाई सगळीकडून होते आणि पत्रा थोडा पातळ होतो. तुमचा पोचा त्यात राहणार नाही.
हे काम करणारे कमी होत चाललेत, त्यालाही कारण आहे. मोटारींवर क्रोम आलं 1920 च्या दशकात, त्याआधी नुसतं निकेल असायचं आणि ते सारखं पुसावं लागायचं. पण त्या हौदातलं रसायन तेच षटसंयुजी क्रोमियम. युरोपीय संघात 21 सप्टेंबर 2017 पासून ते वापरायला खास परवानगी लागते. त्रिसंयुजी क्रोमचा, म्हणजे क्रोमियमच्या दुसऱ्या, कमी घातक रूपाचा पर्याय आहे, पण त्याची झाक किंचित वेगळी येते. एकाच गाडीवर दोन्ही असतील तर फरक कळतो.
पत्रा आरपार खाल्लेला नसेल आणि तुम्हाला हाच बंपर हवा असेल, तर आत्ता मुलामा देऊ नका. मागची बाजू नीट केलीत तर तो अजून पुष्कळ वर्षं जाईल.

जुनी_चाकं
पाठीसाठी माझी पद्धत. माती खरवडा, तारेच्या ब्रशने सैल गंज काढा. इथे जोर लावायला हरकत नाही, पण ब्रश कडेवरून पुढच्या क्रोमवर घसरू देऊ नका. मग रस्ट कन्व्हर्टर. टॅनिक किंवा फॉस्फरिक ॲसिडचा असतो आणि उरलेल्या गंजाचं काळपट, स्थिर संयुग करतो. पुढून क्रोमवर थेंब आला तर लगेच पुसा, डाग पडतो. पूर्ण सुकल्यावर प्रायमरचे दोन हात, त्यावर रंग. फटींत आणि वळणांत शेवटी मेण किंवा लॅनोलिनवालं गंजरोधक मारा. पाणी निघून जायची भोकं असतील ती मोकळी ठेवा, अनेक जण ती रंगाने बुजवून टाकतात.
पुढच्या बाजूला सगळ्यात बारीक, चार शून्यांची स्टील वूल (पोलादाच्या बारीक तंतूंचा मऊ पुंजका) तेलात बुडवून वापरा. नंतर नीट धुवा, कारण तिचे तुटलेले तुकडे मागे राहिले तर तेच गंजतात. पितळी किंवा ब्राँझची वूल मिळाली तर आणखी चांगलं. पॉलिश पेपर, कितीही बारीक असो, क्रोमला लावू नका.

मागची_सीट
तीन सुट्ट्या गेल्या, पण झालं.
मधले ठिपके तेल आणि वूलने निघाले. खाली भिंगातून काळे बिंदू दिसतात. टोकांना सायट्रिकच्या पट्ट्या चार वेळा ठेवल्या. तांबूस रंग गेला, पण डाव्या टोकाला मुलामा सुटला तिथे करडा पत्रा उघडा आहे. उजवीकडचे फोड तसेच आहेत, फोडले नाहीत. पाठ खरवडताना वाटलं होतं कुठेतरी आरपार जाईल, पण पत्रा शाबूत निघाला. कन्व्हर्टरने सगळी पाठ काळी झाली. प्रायमर, रंग झाला.
आता ते काळे बिंदू आणि तो उघडा पत्रा, त्यांचं काय करू? पॉलिशने ते बुजत नाहीत.

मुलामा
बुजणार नाहीत, ती भोकंच आहेत. पण आता ती स्वच्छ आहेत, म्हणून बंद करायची वेळ हीच. फोड न फोडलेत ते चांगलं केलंत.
स्पिरिटने पुसून तेलाचा अंश काढा. चंदेरी रंग किंवा पारदर्शक इपॉक्सी घ्या आणि टूथपिकच्या टोकाने प्रत्येक बिंदूत एकेक थेंब सोडा. लगेच वरून कापड फिरवलं की आजूबाजूचं निघतं, भोकातलं राहतं. उघड्या पत्र्यावर प्रायमरचा पातळ हात आणि वर चंदेरी रंग. जवळून कळेल, दोन पावलांवरून नाही. सगळ्या बंपरवर लॅकर, म्हणजे पारदर्शक रंग, मारू नका. गुळगुळीत क्रोमवर तो पकड धरत नाही, कडेने उचलतो आणि पाणी त्याच्याखाली अडकतं.
रंग पूर्ण वाळला की मेण. दर दोन-तीन महिन्यांनी परत. मेण चमकेसाठी नाही, भोकांत पाणी जाऊ नये म्हणून.

दमट_हवा
आमच्याकडे खारी हवा आहे, तिथला अनुभव सांगते. गाडी वापरली नाही तरी बंपरवर मीठ बसतं, म्हणून आठवड्यातून एकदा साध्या पाण्याने धुऊन कोरडा करते. मागची बाजूही, नळी आतून फिरवून. आणि ओल्या बंपरवर गाडीचं कव्हर घालू नका. कव्हरखाली ओल कोंडते, आमचा बंपर उघड्यावर असताना गंजला नाही तेवढा कव्हरखाली गंजला.

बारा_नंबर_पाना
परत बसवताना बोल्टच्या डोक्याखाली नायलॉनचा वॉशर घाला. क्रोमवर धातू घासला जात नाही आणि तिथे पाणी धरत नाही. धाग्यांना ग्रीस लावा, म्हणजे पुढच्या वेळी कापायची वेळ येणार नाही. सगळे बोल्ट आधी हाताने बसवा, बंपर सरळ आहे ना ते समोर उभं राहून बघा, मग आवळा.

मागची_सीट
बसवला. पॅकिंगचे फोटो काढले होते म्हणून पहिल्याच वेळी सरळ बसला. 41 बिंदू भरले, मोजत होते. मेणाचे दोन हात दिले. डावं टोक जवळून पाहिलं तर रंग कळतो. पोचा आहे तसा आहे, त्याच्या कडेला एक ठिपका होता तोही भरला.

उजवं_वळण
फोटो पाहिले. सुंदर झालाय. मी ॲसिडची बाटली उघडलीच नाही हे बरं झालं. आता मडगार्ड उलटे करून आतून बघतो.

मागची_सीट
चार महिन्यांनी लिहितेय. मधे भरपूर पाऊस झाला, गाडी रोज बाहेर होती. मधले सगळे ठिपके बंद आहेत, एकही परत आला नाही. उजवीकडचा एक फोड आपणच फुटला, नखाएवढा पापुद्रा गेला. खालचा गंज कोरडा आणि वरवरचा होता, सायट्रिकने निघाला. तिथे प्रायमर आणि चंदेरी रंग लावलाय. मागे हात घालून बघितलं, वळणात माती साचली होती, पण रंग धरून आहे. माती धुऊन काढली. दुसरा फोड अजून तसाच आहे, त्याच्यावर लक्ष ठेवून आहे.